शिकागो पहिल्याच फेरीत का पडलं? (आणि आपल्या शेजारचं २०३६)

तापीकाठ
अहमदाबादला २०३० ची राष्ट्रकुल स्पर्धा मिळाल्यापासून आमच्या खान्देशातल्या कट्ट्यावर २०३६ चं ऑलिंपिकही खिशात असल्यासारखं बोलणं चाललंय. एक जण नंदुरबारला लॉज टाकायला निघालाय, दुसरा उकई धरणात नौकानयन ठेवतोय. त्यात मी शिकागोचं नाव काढलं तर सगळे म्हणाले, ते ओबामामुळे हरलं. म्हणून इथे विचारतोय.

माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. २ ऑक्टोबर २००९, कोपनहेगन, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं मतदान. २०१६ च्या ऑलिंपिकसाठी चार शहरं: शिकागो, टोकियो, माद्रिद, रिओ. ओबामा स्वतः गेले, मिशेल ओबामा गेल्या, ओप्रा गेली. पहिल्या फेरीत माद्रिद २८, रिओ २६, टोकियो २२ आणि शिकागो १८. सर्वांत कमी मतांचं शहर बाद, म्हणजे शिकागो सगळ्यांत आधी घरी. निकाल लागला तेव्हा ओबामा परतीच्या विमानात होते.

माझं मत: ओबामांचा यात फारसा संबंध नव्हता. अमेरिकेची ऑलिंपिक समिती जुन्या करारानुसार अमेरिकी टीव्ही हक्कांतले १२.७५ टक्के आणि बड्या प्रायोजकांच्या पैशातले २० टक्के घेत होती. बाकी देशांच्या डोळ्यांत ते वर्षानुवर्षं खुपत होतं. त्यात २००९ च्या जुलैत याच समितीने स्वतःची टीव्ही वाहिनी काढायची घोषणा केली, आंतरराष्ट्रीय समिती भडकली, मग वाहिनी गुंडाळली. मतदान ऑक्टोबरात. पाहुणे दारात आलेत आणि घरातले वाटणीवरून भांडतायत, असा प्रकार.

तुम्हाला काय वाटतं? आणि हे आपल्या शेजारी होणार असेल तर आपण नेमका कोणता प्रश्न विचारायचा?

केळीवाला_रावेर
उकई कशाला, हतनूरला ठेवा. पाणी असलं तर नौका, नसलं तर बीच व्हॉलीबॉल.

धुळेकर७२
अरे काय सतत रडगाणं! मिळालं तर "खर्च", नाही मिळालं तर "नाक कापलं". मागितल्याशिवाय काही मिळतं का? मनमाड-धुळे-इंदूर रेल्वे आमच्या आजोबांपासून मागतोय. २ सप्टेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी आली, ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी. मधल्या पिढ्यांनी "जाऊ दे" म्हटलं असतं तर?

बार्सिलोनाने १९३६ चं ऑलिंपिक मागितलं होतं. १९३१ साली मतदान झालं, बर्लिन ४३, बार्सिलोना १६. त्याच बार्सिलोनाने १९९२ ला करून दाखवलं. टोकियो २०१६ ला हरलं, लगेच २०२० घेतलं.

तापीकाठ
धुळेकर दादा, रेल्वे आणि ऑलिंपिक एका मापाने मोजताय. रेल्वे सोळा दिवसांत संपत नाही.

धुळेकर७२
१९९२ नंतर बार्सिलोनाचा समुद्रकिनारा कुठे संपला? तिथे आधी कारखाने आणि रूळ होते, आता लोक फिरतात.

भुसावळ_जंक्शन
जन्म भुसावळच्या रेल्वे कॉलनीतला, आता बरीच वर्षं शिकागोजवळ नेपरव्हिलला. तेव्हा इथेच होतो, म्हणून थोडं सविस्तर.

तापीकाठ म्हणतात ते टीव्ही हक्कांचं भांडण खरंच. शिवाय त्याच वर्षी मार्चमध्ये त्या समितीने आपला मुख्याधिकारीही बदलला होता. ज्यांच्याशी लोक बोलत होते तेच खुर्चीत राहिले नाहीत.

पण शहरातल्या राजकारणावर तुम्ही एक ओळही लिहिली नाही. रिचर्ड डेली १९८९ पासून महापौर. त्यांचे वडीलही याच शहराचे महापौर होते. इथे काही करायचं तर त्यांना विचारून. आधी ते सांगत होते की करदात्याला झळ लागणार नाही. २००७ मध्ये नगर परिषदेने ५० कोटी डॉलरपर्यंतची हमी दिली, इलिनॉय राज्याचीही २५ कोटींची हमी होती. आंतरराष्ट्रीय समितीला मर्यादा घातलेली हमी नकोच होती. मग २००९ च्या जूनमध्ये लोझानला, म्हणजे आंतरराष्ट्रीय समितीच्या मुख्यालयी, गेल्यावर डेलींनी सांगून टाकलं की पूर्ण हमीच्या करारावर सही करतो. तूट आली तर सगळी शहराची! इथले लोक चक्रावले. सप्टेंबरात नगर परिषदेत ठराव आला, ४९ विरुद्ध ०. एकही हात विरोधात वर गेला नाही.

त्याच सुमारास शिकागो ट्रिब्यूनने लोकांचा कौल घेतला. बाजूने ४७ टक्के, विरोधात ४५. आणि जनतेचा पैसा घालायला ८४ टक्क्यांचा नकार. म्हणजे सभागृहात शंभर टक्के होकार आणि रस्त्यावर निम्मं शहर नको म्हणतंय. आंतरराष्ट्रीय समिती प्रत्येक शहरातला पाठिंबा स्वतंत्रपणे मोजते, रिओचा फार वरचा होता. "नो गेम्स शिकागो" नावाचा विरोधी गट होता, त्याचे लोक थेट कोपनहेगनला जाऊन पत्रकं वाटून आले.

निकालाच्या दिवशी डेली प्लाझात गर्दी जमली होती, इथे सकाळची वेळ. पहिल्याच फेरीत बाद म्हणून आपलं नाव येईल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. बरेच जण तर रिकामे पेले हातात घेऊन पुढच्या फेरीची वाट बघत उभेच राहिले.

गिरणामाई
बापरे, ४९-०! हे तर आपल्या सर्वसाधारण सभेसारखं झालं. विषय क्रमांक अमुक ते तमुक मंजूर, मंजूर, मंजूर, चला जेवायला.

उधना_लिंबायत
सुरतेहून लिहितोय, मूळ गाव शिंदखेडा तालुक्यात. इथे आम्ही खान्देशी लाखांनी आहोत, मिलमध्ये, लूमवर, बांधकामावर. तुमची टक्केवारी चालू द्या. स्टेडियम बांधलं गेलं, मेट्रो झाली, रस्ते झाले तर काम आमच्याच माणसाला मिळतं. गावात बसून "कोण भरणार" विचारणाऱ्याने आधी गावात काम दाखवावं.

काळा_कोट
उधनाभाऊंचं म्हणणं बाजूला सारण्यासारखं नाही, पण काम आणि हमी या वेगळ्या गोष्टी. मी चाळीसगावला वकिली करतो. आमच्याकडे शेतकरी येतो, जामीनदार म्हणून सही करून बसलेला असतो. कर्ज दुसऱ्याने घेतलं, नोटीस याला. ऑलिंपिकचा यजमान करार वाचला की मला तेच अशील आठवतं. फायद्यात वाटेकरी अनेक, तोट्याचा जामीनदार शहर.

यावर दोन शहरांचं वागणं बघण्यासारखं आहे. लॉस एंजेलिसच्या मतदारांनी १९७८ मध्ये शहराच्या सनदेतच दुरुस्ती केली, की ऑलिंपिकच्या तुटीत महापालिकेचा पैसा जाणार नाही. त्या वेळी १९८४ साठी दुसरं कुणी उभंच नव्हतं, तेहरानने आधीच माघार घेतलेली. आंतरराष्ट्रीय समितीला मुकाट्याने ऐकावं लागलं. स्पर्धा खासगी समितीने चालवली आणि २० कोटी डॉलरांहून जास्त शिल्लक राहिले.

दुसरं बॉस्टन. जानेवारी २०१५ ला अमेरिकेने २०२४ साठी बॉस्टन निवडलं. गावातल्या मोजक्या तरुणांनी "नो बॉस्टन ऑलिंपिक्स" नावाने हिशेब मागायला सुरुवात केली. २७ जुलैला महापौर मार्टी वॉल्श यांनी पत्रकारांना सांगितलं की तुटीची हमी देऊन शहराचं भविष्य गहाण टाकणार नाही, सही करणार नाही. त्याच दिवशी मागणी रद्द. पुढे लॉस एंजेलिस आलं आणि त्यांना २०२८ मिळालं.

डेलींनी सही केली, शिकागोला स्पर्धा मिळाली नाही. वॉल्शनी सही केली नाही, बॉस्टनला स्पर्धा मिळाली नाही. फरक एवढाच की बॉस्टनवर कर्ज राहिलं नाही.

धुळेकर७२
शिकागोवर तरी कुठलं कर्ज राहिलं? हरले म्हणजे वाचले ना मग? तुमच्याच हिशेबाने.

भुसावळ_जंक्शन
नाही वाचले, दादा. खेळाडूंच्या निवासासाठी शहराने मायकल रीझ हॉस्पिटलची जागा २००९ मध्येच घेऊन ठेवली, ८ कोटी ६० लाख डॉलरला, तीही उधारीवर. निकाल आला ऑक्टोबरात, जागा गळ्यात. हॉस्पिटलच्या इमारती पाडल्या, त्यांतल्या काहींच्या आराखड्यात वाल्टर ग्रोपियस या जगप्रसिद्ध वास्तुरचनाकाराचा हात होता. मोठमोठे वास्तुतज्ज्ञ ओरडत राहिले. पुढे कितीतरी वर्षं ती मोकळी जमीन आणि तिचं व्याज. मी लेक शोअर ड्राइव्हने जाताना बघायचो, नुसतं गवत.

धुळेकर७२
आणि न्यूयॉर्क? २०१२ साठी मागितलं, लंडनपुढे हरलं. पण त्या मागणीच्या निमित्ताने मॅनहॅटनच्या पश्चिमेचा आराखडा बदलला, सात नंबरची मेट्रो तिकडे वाढवली, २०१५ मध्ये ती सुरू झाली. आज हडसन यार्ड्सचे टॉवर तिथेच उभे आहेत. हरूनही शहराला मिळालंच. सोयीचं तेवढं सांगू नका.

काळा_कोट
हे मान्य. पण न्यूयॉर्कने मेट्रो स्पर्धा नसतानाही लागेल अशी निवडली. शिकागोची जागा स्पर्धेशिवाय उपयोगाची नव्हती. मागणीच्या कागदांत हा फरक पहिल्याच दिवशी दिसतो, कुणी वाचले तर.

अमळनेरी
मंडळी, तुम्हाला हे कोपनहेगनचं राजकारण परकं वाटतं? २०२४ चं साहित्य संमेलन आमच्या अमळनेरला झालं, १९५२ नंतर पुन्हा. निमंत्रणं जातात, महामंडळाची स्थळ निवड समिती गावोगाव फिरते, मैदान बघते, निवासाची सोय बघते. समिती येणार म्हटल्यावर गावातल्या कुठल्या घराचं भरीत पुढे करायचं यावरून जी चर्चा होते ती लोझानमध्येही होत नसेल. आणि त्याच तारखांना त्याच गावात विद्रोही संमेलनही भरलं. तुमच्या "नो गेम्स शिकागो"ने निदान समांतर ऑलिंपिक तरी नाही भरवलं.

केळीवाला_रावेर
भरीत कुठलं होतं ते सांगा आधी. बामणोदचं वांगं नसेल तर समितीने नापास करायला हवं होतं.

अमळनेरी
वांगं बामणोदचं, मिरची आमची. भांडण मिटलं?

केळीवाला_रावेर
कळण्याची भाकरी होती का? मग मिटलं.

गिरणामाई
सरबराईचा विषय निघालाच आहे तर सॉल्ट लेक सिटी विसरू नका. २००२ चं हिवाळी ऑलिंपिक मिळवताना सदस्यांच्या मुलांना शिष्यवृत्त्या, नातेवाइकांचे औषधोपचार, भेटवस्तू. १९९८ च्या शेवटी सगळं बाहेर आलं. सहा सदस्यांना काढलं, काहींनी आधीच राजीनामे दिले. मग नियम आला की सदस्यांनी मागणी करणाऱ्या शहरांत पाहुणचाराला जायचंच नाही.

आणि ज्या रिओने शिकागोला मागे टाकलं? त्यांचे समितीप्रमुख कार्लोस नुझमन यांना २०१७ मध्ये अटक झाली. रिओचे माजी गव्हर्नर कॅब्राल यांनी २०१९ मध्ये न्यायालयात सांगितलं की मतांसाठी २० लाख डॉलर मोजले. तेव्हा शिकागो कसं हरलं याची गोष्ट एकट्या अमेरिकेच्या वाटणीच्या भांडणावर संपत नाही, तापीकाठ.

तापीकाठ
गिरणाताई, रिओ कसं जिंकलं आणि शिकागो पहिल्याच फेरीत का पडलं हे वेगवेगळे प्रश्न आहेत. रिओला शेवटच्या फेरीत माद्रिदविरुद्ध ६६-३२ मिळाली, त्यात विकत घेतलेली मतं काढली तरी ते जिंकतच होतं. माझा प्रश्न त्या १८ चा आहे.

काळा_कोट
१८ चं उत्तर मोजणीच्या पद्धतीतही आहे. गुप्त मतदान, प्रत्येक फेरीत शेवटचा बाद. ज्याला विधान परिषदेची निवडणूक कळते त्याला हे कळेल. "आपला उमेदवार येतोच आहे" म्हणून पहिलं मत मैत्रीखातर दुसऱ्याला दिलं, आणि आपलाच पडला. २०२२ च्या जूनमध्ये मुंबईत हेच पाहिलं ना? काँग्रेसचा पहिल्या पसंतीचा उमेदवार पडला, दुसरा आला. टोकियो अगदीच तळाला जाऊन त्यांची लाज जाऊ नये म्हणून काहींनी त्यांना पहिलं मत टाकलं, असं तेव्हा बरंच बोललं गेलं.

साक्रीची_सून
वाचतेय. छान धागा. एक आठवलं, सादरीकरणानंतर पाकिस्तानच्या सदस्याने विचारलं होतं की अमेरिकेत शिरताना परदेशी माणसाला जे भोगावं लागतं त्याचं काय. ओबामांना स्वतः उत्तर द्यावं लागलं. विमानतळावर ज्यांनी तासन् तास काढलेत त्यांना तो प्रश्न एकदम पटला असेल.

भुसावळ_जंक्शन
साक्रीच्या वहिनी, माझे वडील पहिल्यांदा आले तेव्हा बॅगेतल्या खापरावरच्या मांड्यांची चौकशी सुरू झाली होती. कुठल्या बाजूने उघडायचं तेच त्या अधिकाऱ्याला समजेना.

उधना_लिंबायत
आपल्या दिल्लीचं कुणी बोलतच नाही. शिकागो, बॉस्टन, सगळं अमेरिकेचंच.

गिरणामाई
घ्या दिल्ली. २०१० ची राष्ट्रकुल स्पर्धा दिल्लीने २००३ मध्ये जमैकाला जिंकली, हॅमिल्टनविरुद्ध ४६-२२. सगळ्या ७२ सदस्यांना प्रत्येकी एक लाख डॉलर देऊ केले होते, खेळाडूंच्या प्रशिक्षणासाठी म्हणून. तीच युक्ती २०१४ च्या आशियाईला करायला गेले. एप्रिल २००७, कुवेत. इंचॉनने त्याहून मोठं पॅकेज मांडलं, २ कोटी डॉलरचा प्रशिक्षण कार्यक्रम. इंचॉन ३२, दिल्ली १३.

आणि खरी गंमत घरात होती. आपले क्रीडामंत्री मणिशंकर अय्यर हेच अशा स्पर्धांवरच्या खर्चाविरुद्ध जाहीरपणे बोलत होते. हरल्यावर कलमाडींच्या गोटाने सगळं खापर त्यांच्यावर फोडलं. २०१० च्या सप्टेंबरात नेहरू स्टेडियमजवळचा पादचारी पूल कोसळला आणि २०११ च्या एप्रिलमध्ये कलमाडींना अटक झाली, तेव्हा अय्यरांना काय वाटलं असेल कोण जाणे.

धुळेकर७२
एक कलमाडी झाले म्हणून पुढच्या शंभर वर्षांत देशाने काही करायचंच नाही?

संपादक
कृपया पक्षांवर घसरू नये. मूळ विषय मागणी आणि तिचं राजकारण हा आहे. भरताची चर्चा पाककृती विभागात हलवता येईल.

केळीवाला_रावेर
भरीत हलवू नका, खाली लागेल.

मास्तरीण_शहादा
मी शाळेत खेळ शिकवते. दोन शब्द, राग मानू नका.

सातपुड्यातल्या पाड्यांवरून येणाऱ्या पोरी लांब पल्ल्याच्या शर्यतीत कुणालाही मागे टाकतात. मुरमाच्या मैदानावर, अनवाणी. जिल्ह्याबाहेरच्या स्पर्धेला गेलं की पहिल्यांदा सिंथेटिक ट्रॅक दिसतो, आणि पहिल्यांदाच स्पाइक्स पायात. एका ठिकाणी संकुल मंजूर झालं, भिंत झाली, गेट झालं, आत गवत. नाव घेत नाही.

मला शिकागोपेक्षा डेन्व्हरचं जास्त भावतं. १९७६ चं हिवाळी ऑलिंपिक त्यांना मिळालेलं होतं, मिळालेलं! कोलोरॅडोच्या मतदारांनी १९७२ मध्ये मतपेटीतून पैसा नाकारला आणि स्पर्धा इन्सब्रुकला गेली. त्या विरोधाचा चेहरा असलेले रिचर्ड लॅम पुढे त्याच राज्याचे गव्हर्नर झाले. आपल्याकडे स्पर्धा नाकारून कुणी निवडून आलं असतं का? त्याला देशद्रोहीच ठरवलं असतं.

उधना_लिंबायत
मॅडम, तुमचा राग बरोबर. पण मोठी स्पर्धा आली नाही तर तो ट्रॅक होईल याची खात्री काय? नाही आली तरी गवतच.

मास्तरीण_शहादा
खात्री नाही, भाऊ. पण आली तर "सगळा पैसा तिकडे गेलाय" हे उत्तर नक्की मिळेल. २०२२ आणि २०२३ च्या जागतिक आकडेवारीत मोठ्या देशांत उत्तेजक चाचणीत सर्वाधिक टक्केवारीने सापडणारे आपले खेळाडू. लोझानला बसलेले लोक स्टेडियमच्या आधी हे बघतात.

धुळेकर७२
मॉन्ट्रियलचं उदाहरण अजून कुणी दिलं नाही, नवल आहे. तुमच्या बाजूचं म्हणून मीच देतो, घ्या. महापौर द्रापो म्हणाले होते, पुरुषाला मूल होईल तरच ऑलिंपिकला तूट येईल. १९७६ ची स्पर्धा, कर्ज फिटलं २००६ ला. तंबाखूवर कर लावून. झालं समाधान? तरी मी म्हणतो, मागावं. फक्त काळा_कोट म्हणतात तसं लॉस एंजेलिससारखं मागावं.

केळीवाला_रावेर
तंबाखूवर कर? मग आपल्या जिल्ह्यात वर्षात फिटेल.

तापीकाठ
धुळेकर दादा अर्धे इकडे आले, धागा सार्थकी लागला. मूळ प्रश्नाकडे येऊ का? आपण शेजारी म्हणून काय विचारायचं?

भुसावळ_जंक्शन
आता पद्धत बदलली आहे हे आधी लक्षात घ्या. कोपनहेगनसारखं चार शहरांचं नाट्य होत नाही. भावी यजमान आयोग बंद दाराआड चर्चा करतो आणि एकच नाव पुढे ठेवतो. ब्रिस्बेनला २०३२ तसंच मिळालं, ७२-५. भारताने १ ऑक्टोबर २०२४ ला इरादापत्र दिलं. २०२५ मध्ये नव्या अध्यक्ष कर्स्टी कॉव्हेंट्री यांनी निवडीची प्रक्रियाच थांबवून फेरविचाराला घेतली. म्हणजे शिकागोसारखं जगापुढे हसं होणार नाही, हा फायदा. पण कुणी का नाकारलं ते लोकांना कळणारही नाही. शिकागोत निदान १८ हा आकडा तरी हाती लागला.

काळा_कोट
म्हणूनच प्रश्न एकच: तुटीच्या हमीवर सही कुणाची? महापालिका, राज्य की केंद्र? आणि त्या कागदाला मर्यादा आहे की नाही? बुडापेस्टमध्ये २०१७ च्या सुरुवातीला तरुणांच्या एका गटाने सार्वमतासाठी अडीच लाखांहून जास्त सह्या गोळा केल्या, सरकारने मागणीच मागे घेतली. हॅम्बुर्गमध्ये सार्वमत झालं, ५१.६ टक्के नको. आपल्याकडे सार्वमत नाही. पण महापालिकेचा अर्थसंकल्प आणि सभेचं इतिवृत्त तरी आहे.

गिरणामाई
केंद्राची सही असेल तर ते पैसे आपलेही. मग "शेजारी" कशाला म्हणायचं, तापीकाठ?

साक्रीची_सून
+१ गिरणामाई. मला हे सुचलंच नव्हतं.

उधना_लिंबायत
अर्थसंकल्प गुजरातीत असतो, मला वाचता येतं. २०३० च्या नावाखाली काय काय टाकलंय ते बघून इथे लिहितो. पन भो, आकडा पाह्यना का मंग माले शिव्या नका देजात.

धुळेकर७२
लिहा. आणि मेट्रो किती, स्टेडियम किती, हे वेगळं काढून लिहा. माझा वाद त्यावरच आहे.

मास्तरीण_शहादा
तालुक्यांना किती, तेही. शून्य असेल तरी लिहा.